न दिसणारी स्वच्छता

मंडळी, लोणच्याची बरणी आपल्याकडे घरोघरी असते. घरातली जाणती बाई ती बरणी कशी तयार करते, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? बरणी आधी धुवायची, मग उन्हात खडखडीत वाळवायची, कुणी आतून हिंगाची धुरी देते. लोणचे भरून वर तेल ओतले की तोंडाला स्वच्छ दादरा बांधायचा. आणि मग साऱ्या घराला बजावून ठेवायचे, "ओला चमचा घालाल तर याद राखा!"

ही माउली एवढी का बजावते? कारण ओला चमचा गेला म्हणून लोणचे त्याच दिवशी नासत नाही. दहा-पंधरा दिवसांनी वर बुरशी दिसू लागते. तोवर चमचा कोणी घातला, कधी घातला, याचा पत्ता लागत नाही. बरणीत डोकावून लोणचे टिकेल की नाही हे सांगता येत नाही. भरवसा ठेवायचा तो भरण्याच्या रीतीवर.

शस्त्रक्रियेची हत्यारे तयार करणाऱ्या विभागाची गोष्ट नेमकी अशीच आहे. फरक एवढाच, की तिथे चूक झाली तर लोणचे नासत नाही, माणसाची जखम चिघळते. कधी जीवही जातो.

मोठ्या रुग्णालयात असा एक स्वतंत्र विभाग असतो. त्याला केंद्रीय निर्जंतुकीकरण विभाग म्हणतात. बहुधा तो तळमजल्यावर किंवा मागच्या बाजूला असतो. रोग्याला भेटायला गेलेल्या नातेवाइकाला तो दिसत नाही, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाची नि रोग्याची कधी गाठ पडत नाही. पण पोटावर फिरणारी सुरी, शीर धरणारा चिमटा, टाके घालायची सुई, रक्त टिपायचे कापड, हे सारे त्याच्या हातून गेलेले असते. आज त्या विभागाचे काम कसे चालते आणि ते अधिक चांगले कसे करता येते, ते पाहू.

पूर्वी काय होत असे ते आधी थोडक्यात सांगतो. व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टरांकडे, दुसरा सुइणींकडे. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शोध घेतला तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तशाच हातांनी बाळंतिणी तपासतात. १८४७ साली त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला, आणि मृत्यू झपाट्याने घटले. पुढे १८६७ साली लिस्टरने कार्बोलिक आम्ल वापरून जखमा कशा सुरक्षित ठेवता येतात हे प्रसिद्ध केले. १८७९ साली पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शांबरलाँ याने दाबाच्या वाफेचे भांडे बनवले. तेच आजचे ऑटोक्लेव्ह.

आता तुम्ही विचाराल, "अहो, दाबाची वाफ कशाला? पाण्यात खळखळ उकळले म्हणजे झाले की!" प्रश्न रास्त आहे. आजोबा-आजीच्या पिढीला आठवत असेल, कंपाउंडर काचेची सिरिंज आणि सुई पाण्यात उकळून घेत असे. पण काही जंतूंची एक खोड आहे. दिवस वाईट आले की ते स्वतःभोवती टणक कवच करून गप्प पडून राहतात. त्यांना बीजाणू म्हणतात. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. बी कोठीत महिनोन्‌महिने सुकलेले पडते, आणि ओल मिळाली की उगवते. धनुर्वाताचे जंतू असेच मातीत पडून असतात. पाण्याच्या उकळीने असे बीजाणू मरतीलच, याची खात्री नसते. त्यातून पाणी उकळते समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसला. महाबळेश्वराच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळू लागते; तिथे डाळ शिजायला वेळ का लागतो, ते यावरून कळेल.

बंद भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि तिचे तापमानही वाढते. बाहेरच्या हवेपेक्षा चौरस इंचाला सुमारे १५ पौंड जादा दाब झाला, की शुद्ध वाफ १२१ अंशांवर जाते. या तापमानाला सामान निदान १५ मिनिटे राहिले पाहिजे. गाठोडी मोठी असली तर आणखी वेळ. नव्या यंत्रांत १३४ अंशांवर ३-४ मिनिटे पुरतात. तेच काम कोरड्या उष्णतेने करायचे, तर १६० अंशांवर दोन तास लागतात. असे का? शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावे. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. वाफ थंड वस्तूवर बसून पुन्हा पाणी झाली, की तो सारा साठा त्या वस्तूला देऊन टाकते. म्हणून तर पाण्याच्या भाजण्यापेक्षा वाफेचे भाजणे वाईट.

आपल्या स्वयंपाकघरातला कुकर हा ऑटोक्लेव्हचा धाकटा भाऊ. कुकर लावताना जाणत्या बायका एकदम शिट्टी ठेवत नाहीत. आधी नळीतून वाफेचा जोरदार झोत येऊ देतात, मग शिट्टी ठेवतात. कारण त्या झोताबरोबर आतली हवा बाहेर निघून जाते. हवा आत राहिली तर काय होते? दाबाचा काटा हवा ओळखत नाही की वाफ ओळखत नाही. तो दोघांचा मिळून दाब दाखवतो. समजा, ऑटोक्लेव्हमधली अर्धीच हवा बाहेर गेली. काटा १५ पौंड दाखवील, पण आतले तापमान असेल सुमारे ११२ अंश. शिवाय हवा वाफेपेक्षा जड, ती तळाशी बसते. म्हणजे वरचे सामान निर्जंतुक आणि खालचे तसेच. बाहेरून पाहाल तर दोन्ही सारखीच गरम, सारखीच स्वच्छ.

हे नुसते पुस्तकातले भय नाही. इंग्लंडमध्ये एका कारखान्यात १९७१ च्या एप्रिलमध्ये शिरेतून द्यायच्या साखरपाण्याच्या बाटल्या अशाच वाफेच्या भांड्यात घातल्या होत्या. तळाशी हवा अडकून राहिली. नोंदीच्या तापमापकाने तापमान नीट चढल्याचे दाखवले नाही. पण काम करणाऱ्यांना वाटले, तापमापकच बिघडला असावा. दुसरा काटा तर ठीक दाखवतो आहे! बाटल्या पुढे गेल्या. जवळजवळ वर्षभराने, १९७२ च्या मार्चमध्ये, प्लिमथ शहरातल्या डेव्हनपोर्ट इथल्या रुग्णालयात त्या बाटल्यांतले पाणी रोग्यांना चढवले गेले, आणि पाच माणसे दगावली. क्लोदियर यांच्या समितीने चौकशी केली. निर्जंतुकीकरण हे सोपे काम आहे, ते थोड्या शिक्षणाच्या माणसावर सोपवून पाठ फिरवली तरी चालते, हा समज किती घातक आहे, हे त्या अहवालाने स्पष्ट सांगितले.

ही हकीकत कारखान्यातली असली तरी भांडे तेच, वाफ तीच आणि माणसाचा स्वभावही तोच. यंत्र आपल्या मनाविरुद्ध काही सांगू लागले, की आपण यंत्रालाच खोटे ठरवतो. म्हणून चांगल्या विभागात पहिला नियम असा असतो, की शंका आली तर सामान थांबवायचे. आधी शंका फेडायची, मग सामान सोडायचे.

आता हत्यारांचा प्रवास पाहू. शस्त्रक्रिया संपली की हत्यारांवर रक्त असते. ते वाळू द्यायचे नाही. पिठल्याची कढई लगेच पाण्यात टाकली तर निघते. रात्रभर वाळली तर सकाळी खरवडून खरवडून हात दुखतात. रक्ताचेही तसेच. म्हणून तिथल्या तिथे हत्यारे ओली ठेवून, झाकून विभागात पाठवायची.

विभागात पहिले काम धुण्याचे. कात्रीचा सांधा उघडायचा, चिमट्याचे दाते ब्रशने घासायचे, पोकळ नळीतून पाणी आणि ब्रश दोन्ही फिरवायचे. धुणाऱ्याच्या हातात जाड मोजे हवेत, डोळ्यांवर चष्मा हवा. त्याचा जीवही मोलाचा आहे. घाण राहिली तर वाफ तिच्याखाली पोचतेच असे नाही. धुतल्याशिवाय निर्जंतुक करणे म्हणजे शेणाच्या हातावर अत्तर लावण्यासारखे आहे.

मग भिंग घेऊन पाहणी करायची. गंज, तडा, बोथट धार, सांध्यातला डाग शोधायचा. यादीप्रमाणे हत्यारे मोजून तबकात लावायची. दुहेरी आवरणात बांधायची. ऑटोक्लेव्हमध्ये गाठोडी ठेवताना मधून वाफ फिरेल अशी जागा सोडायची. कोंबून भरलेल्या गाडीत माणसाला वारा लागत नाही. तसेच कोंबून भरलेल्या भांड्यात गाठोड्याला वाफ लागत नाही. शेवटी ती पूर्ण वाळू द्यायची. ओले गाठोडे बाहेर काढले, तर ओलाव्याच्या वाटेने जंतू कापडातून आत शिरतात. ओला चमचा तो इथे!

या विभागात वाट एकाच दिशेची असते. मळके सामान एका दाराने येते, शुद्ध सामान दुसऱ्या दाराने जाते. मोरीतले भांडे तसेच उचलून कोणी देवघरात नेत नाही ना? तसेच हे.

पण एवढे करूनही आतले जंतू मेले की नाही, हे कसे ओळखायचे? डोळ्यांना तर दिसत नाही. म्हणून चार प्रकारचे साक्षीदार ठेवतात. पहिला साक्षीदार यंत्राची नोंद: प्रत्येक खेपेचे तापमान, दाब आणि वेळ. दुसरा साक्षीदार रंग बदलणारी पट्टी. गाठोड्यावरची पट्टी फक्त एवढेच सांगते, की हे गाठोडे वाफेच्या भांड्यात जाऊन आले. आत वाफ पोचली की नाही हे सांगण्यासाठी दुसरी पट्टी गाठोड्याच्या पोटात ठेवावी लागते. तिसरी चाचणी पंपाने हवा ओढून घेणाऱ्या यंत्रांसाठी. बोवी आणि डिक या दोघांच्या नावाने ती १९६३ सालापासून ओळखली जाते. त्यांनी टॉवेलांच्या गठ्ठ्यात पट्टीची फुली ठेवली. फुलीचा रंग सगळीकडे सारखा बदलला तर हवा पूर्ण गेली, मधोमध फिका राहिला तर हवा अडकली. आज तयार गठ्ठे मिळतात, आणि रोज सकाळी पहिल्या खेपेआधी ही चाचणी करतात. चौथा साक्षीदार सगळ्यांत पक्का. उष्णतेला फार चिवट, पण माणसाला निरुपद्रवी अशा एका जंतूचे बीजाणू छोट्या कुपीत घालून सामानाबरोबर ठेवतात. नंतर त्यांना उबेत ठेवून पाहतात. तेही उगवले नाहीत, तर बाकीच्यांची काय कथा! ही चाचणी आठवड्यातून निदान एकदा व्हावी, आणि शरीरात कायम राहणारी पट्टी किंवा कृत्रिम सांधा असेल तर त्या प्रत्येक खेपेला व्हावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एवढे नियम असूनही चुका होतात. माणूस आहे, चुकणारच. मग सुधारणा कशी होते? साहेबाने मोठ्याने रागावून होते का? नाही. रागावल्याने चुका कमी होत नाहीत, चुका लपतात. आणि या विभागात लपलेली चूक म्हणजे गाठोड्यात बांधलेला साप.

एक उदाहरण कल्पून पाहू. समजा, एका रुग्णालयात एक साधी वही ठेवली. जे तबक शस्त्रक्रियेच्या खोलीतून परत आले, त्याची तारीख, तबकाचे नाव आणि परत येण्याचे कारण तीत लिहायचे. कोणी चुकले ते लिहायचे नाही. काय चुकले ते लिहायचे. महिनाअखेर वही उघडली तर बारा नोंदी. दोनदा गाठोडे ओले, तीनदा एखादे हत्यार कमी, आणि सातदा सांध्यात वाळलेले रक्त. म्हणजे मोठे दुखणे कोणते ते कळले. मग विचारायचे, रक्त का वाळते? कारण संध्याकाळच्या शस्त्रक्रियेची हत्यारे सकाळपर्यंत पडून राहतात. का पडून राहतात? कारण रात्री धुण्याला माणूस नाही. माणूस लगेच मिळणार नाही. पण हत्यारांवर ओले कापड घालून डबा बंद करायला काय लागते? शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या सिस्टरने तेवढे करायचे ठरवले. पुढच्या महिन्यात सातच्या दोन झाल्या. मग उरलेल्या दोनांचा पिच्छा पुरवायचा. रात्रीच्या माणसाची मागणी करायची झाली, तर तीही आता वही दाखवून करता येते.

ठरवायचे, करून पाहायचे, मोजायचे, आणि उपयोग झाला तर तीच रीत पक्की करायची. वाचायला सोपे आहे, पण यातली 'मोजायचे' ही पायरी बहुतेक जण गाळतात. डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९५० साली जपानमध्ये याच विचारावर व्याख्याने दिली. पुढे तिथल्या टोयोटा मोटार कारखान्याने चूक जिथे होते तिथेच काम थांबवून ती दुरुस्त करण्याची शिस्त लावली. अमेरिकेत सिएटल इथल्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने हीच शिस्त हत्यारांच्या विभागात आणली. २०१३ साली प्रसिद्ध झालेले हे काम आहे. तिथे आधी शंभर शस्त्रक्रियांमागे तीन ठिकाणी हत्यारांच्या तयारीत चूक सापडे. ती दीडवर आली. पुढारलेल्या रुग्णालयातही शंभरात तीन चुका होत्या, आणि त्यांनी त्या मोजून जगापुढे मांडल्या, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

आणखी एक साधे साधन सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक पानाची तपासयादी काढली. सुरी लावण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबायचे आणि ठरलेले प्रश्न मोठ्याने विचारायचे. त्यांत एक प्रश्न सिस्टरसाठी असतो: हत्यारे निर्जंतुक असल्याची खूण पाहिली का? जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, त्यांत आपली दिल्लीही होती. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडवरून शेकडा ०.८ वर आले होते. श्रेय अर्थात एकट्या त्या प्रश्नाचे नाही. पण विभागात झालेल्या कामावर शेवटची नजर टाकण्याची ती जागा आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठला आला असा विभाग? पण तत्त्व तेच आहे, आणि गावाला ते नवे नाही. पूर्वी घरच्या बाळंतपणात नाळ विळ्याने किंवा जुन्या पात्याने कापत. त्यातून तान्ह्या बाळांना धनुर्वात होई. बाळ चार-सहा दिवस चांगले अंगावर पिई, मग त्याचा जबडा आवळे. ओला चमचा त्या दिवशी दिसत नाही, तो असा! गरोदर बाईला लस, दवाखान्यात बाळंतपण, स्वच्छ हात, नवे पाते, नाळेला स्वच्छ दोरा, असे करीत करीत हे दुखणे आटोक्यात आले. माता आणि नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. निर्मूलन झाले याचा अर्थ मातीतले जंतू संपले असा नव्हे. रीत सैल पडली की ते आहेतच.

तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात, तर टाके घालण्यापूर्वी सिस्टरला नम्रपणे विचारा, "ताई, हे सामान आजच्या खेपेचं आहे का? पट्टीचा रंग बदललाय का?" चांगल्या सिस्टरला असा प्रश्न टोचत नाही, उलट कुणीतरी आपल्या कामाची कदर करतो आहे असे वाटते. गाठोडे ओले किंवा फाटलेले दिसले तर सांगा. इंजेक्शनची सुई तुमच्या समोर नव्या पाकिटातून काढली जाते का, पाहा. आणि ग्रामसभेत आरोग्य केंद्राचा विषय निघाला, तर नव्या इमारतीच्या रंगाबरोबर ऑटोक्लेव्हची दुरुस्ती केव्हा झाली होती, तिथे पाणी आणि वीज पुरेशी आहे का, हेही विचारा.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक छोटा प्रयोग करावा. कात्रीच्या सांध्यात तेलात कालवलेली हळद लावून ती रात्रभर वाळू द्यावी. सकाळी एका कात्रीवर नुसते गरम पाणी ओतावे. दुसरी उघडून साबण आणि ब्रशने घासावी. मग दोन्ही कात्र्यांचे सांधे पांढऱ्या कागदावर पुसून मुलांना दाखवावेत. पहिल्या कागदावर पिवळा डाग उमटला, की धुण्याचे महत्त्व मुलांना निराळे सांगावे लागणार नाही. गरम पाणी मात्र शिक्षकांनी स्वतःच ओतावे.

आणि एक विनंती. तुमच्या गावचा एखादा मुलगा, एखादी मुलगी रुग्णालयात हत्यारे धुण्याच्या कामाला लागली, तर "भांडी घासायला गेला" असे कुणी म्हणू नये. रात्री अकरा वाजता, दमलेल्या हातांनी, सांध्यातला एक बारीक डाग पाहून तो तबक परत धुवायला टाकतो, तेव्हा त्याला शाबासकी द्यायला तिथे कोणी नसते. ज्याच्या पोटावर सकाळी ती हत्यारे चालायची असतात, तो रोगी वर खाटेवर झोपलेला असतो. त्याला हे कधीच कळणार नसते. तुम्हाआम्हाला मात्र ते ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.